अन्ननलिकेचं अस्तर: आम्लापुढे ते कसं टिकतं आणि कुठे हरतं

सूक्ष्मदर्शक_टिळकवाडी

पित्तावरच्या घरगुती उपायांचा धागा इथे चांगलाच लांबला. ओवा, कोकम, गार दूध, सोडा, सगळं येऊन गेलं. पण जी जळते त्या अन्ननलिकेबद्दल कुणी फारसं बोललं नाही, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. मी बेळगावात पॅथॉलॉजीत काम करते. एंडोस्कोपीत काढलेले दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे काचपट्टीवर पाहणं हे माझं रोजचं काम. ते पाहताना सारखं वाटतं की 'ॲसिड वाढलंय' या एका वाक्यावर आपण सगळे विषय संपवतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरं नसतं. जळजळीच्या बहुसंख्य रुग्णांच्या जठरात आम्ल इतरांइतकंच तयार होतं. ते वर येतं आणि तिथे जास्त वेळ थांबतं, ही खरी अडचण.

जठरातल्या रसाचा पीएच (हा आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) उपाशीपोटी दीड-दोनच्या आसपास असतो. जठराचं स्वतःचं अस्तर त्यात रात्रंदिवस राहतं, कारण त्याच्यावर चिकट श्लेष्माचा अखंड थर असतो आणि त्या थराखाली बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल निष्प्रभ करणारा क्षार, साठलेलं असतं. अन्ननलिकेला ही सोय नाही. जेमतेम २५ सेंटिमीटरची ही नळी, आतून चपट्या पेशींच्या २०-३० थरांनी मढवलेली. श्लेष्मा आहे, पण नावाला.

तरीही निरोगी माणसाच्या अन्ननलिकेत जेवणानंतर आम्ल थोडंथोडं येतच असतं आणि त्याला पत्ताही लागत नाही. १९५८ साली बर्नस्टाईन आणि बेकर यांनी नाकातून नळी घालून अन्ननलिकेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबथेंब सोडून पाहिलं. ज्यांना आधीपासून त्रास होता त्यांना त्यांची ती ओळखीची जळजळ झाली. बहुतेक निरोगी लोकांना काहीच जाणवलं नाही. आम्ल दोघांना एकच दिलेलं होतं.

हे सोसणं जमतं कसं? आधी नळी स्वतःला रिकामी करते. आम्ल वर आलं की आपण गिळतो, स्नायूंची लाट वरून खाली जाते आणि जवळजवळ सगळं परत जठरात ढकलते. पण भिंतीला एक पातळ ओल उरते, आणि तीही आम्लच असते. ती ओल निष्प्रभ करते आपली लाळ. १९८४ मध्ये हे फार नेटकं दाखवलं गेलं: स्वयंसेवकांच्या अन्ननलिकेत १५ मिलिलिटर आम्ल सोडलं, एक-दोन गिळण्यांत ते खाली गेलं, पण पीएच मात्र खालीच राहिला. मग प्रत्येक गिळण्याबरोबर तो पायरीपायरीने चढत गेला. तोंडातली लाळ ओढून काढली तेव्हा तो चढेना. त्या पायऱ्या लाळेतल्या बायकार्बोनेटच्या होत्या.

यातूनही जे आम्ल उरतं त्याला पेशी तोंड देतात. पेशीचा अन्ननलिकेच्या पोकळीकडे असलेला पापुद्रा आम्लाला सहजी आत घेत नाही. दोन पेशींमधल्या फटी प्रथिनांच्या सांध्यांनी आवळून धरलेल्या असतात. थोडं आम्ल आत शिरलंच तर पेशी सोडियम आत घेऊन हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लाचे कण, बाहेर टाकते. खालचा रक्तप्रवाह बायकार्बोनेट पुरवतो आणि आम्ल वाहून नेतो. सगळ्यात तळाच्या पेशी विभागत राहतात आणि झिजलेल्या पेशींची जागा नव्या घेतात. एवढं सगळं रोज, न सांगता चालू असतं.

विचारा काय विचारायचं ते.

शहापूर_अक्का

ताई, छान लिहिलंय. दोनच प्रश्न. आमच्या घरी संकेश्वरी मिरचीचा ठेचा ताटात नसेल तर जेवण होत नाही. मिरचीनं अन्ननलिकेला जखमा होतात का? आणि गार दुधानं मला तरी लगेच बरं वाटतं, मग ते चूक कसं?

सूक्ष्मदर्शक_टिळकवाडी

अक्का, मिरचीनं जळतं आणि आम्लानं जळतं ते एकाच ठिकाणी कळतं म्हणून आपण दोन्ही एक धरतो. अस्तराखालच्या मज्जातंतूंच्या टोकांवर एक ग्राहक असतो, टीआरपीव्ही-१ नावाचा. मिरचीतलं कॅप्सेसिन त्याला जागं करतं, आम्लही करतं, जास्त उष्णताही करते. त्यामुळे मिरची खाल्ल्यावर जळलं म्हणजे जखम झालीच असं नाही. पण ज्यांचं अस्तर आधीच सैल झालंय त्यांच्यात ती टोकं पृष्ठभागाला जवळ येतात, म्हणून त्यांना ठेचा जास्त झोंबतो. तुम्हाला सोसत असेल तर माझं काही म्हणणं नाही. रोज जळत असेल तर मात्र शरीर काहीतरी सांगतंय.

दूध थोडा वेळ आम्ल शोषून घेतं म्हणून लगेच बरं वाटतं. पुढे त्यातलं कॅल्शियम आणि प्रथिनं जठराला पुन्हा आम्ल सोडायला लावतात. सोडा तर आणखी झटपट, पण त्यातून निघणारा वायू पोट फुगवतो, ढेकर येतो आणि ढेकराबरोबर अन्ननलिकेच्या तळाची झडप उघडून आम्लही वर येतं. शिवाय त्यात सोडियम भरपूर, म्हणजे बीपीवाल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. कधीतरी लग्नाच्या जेवणानंतर घेतला तर ठीक. डबा भरून घरात ठेवून रोज चमचा घेणारे मी पाहिलेत, त्यांची काळजी वाटते.

निपाणीचा_धाकटा

नमस्कार ताई. आमच्याकडे वडिलांनी उभं आयुष्य तंबाखूच्या वखारीत काढलं, विडीही ओढायचे, आता तंबाखू मळतात. त्यांना दिवसा काही नसतं, पण रात्री दोन-तीनला छातीत आग होऊन उठून बसतात. आंबट पाणी तोंडात येतं, खोकला लागतो. जेवण हलकं असतं, एक भाकरी आणि आमटी. मग रात्रीच का?

सूक्ष्मदर्शक_टिळकवाडी

दादा, तुमच्या प्रश्नात या धाग्याचा गाभा आहे.

वर सांगितलेली राखण बहुतेक जागेपणीची आहे. झोपलं की लाळ जवळजवळ थांबते. गिळणं फार कमी होतं. आडवं पडल्यामुळे जे वर आलं ते खाली उतरत नाही. गाढ झोपेत आम्ल वर येण्याची वेळच कमी येते, पण जे येतं ते दिवसापेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबतं, आणि अस्तराचं नुकसान आम्ल किती वेळ थांबलं यावर ठरतं. नाकातून बारीक तार ठेवून २४ तासांचा पीएच मोजतात तेव्हाही डॉक्टर हेच बघतात: पीएच ४ च्या खाली एकूण किती वेळ होता. ४ टक्क्यांपर्यंत, म्हणजे २४ तासांत तासाभराच्या आत, तो सामान्य धरतात. ६ टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण दीड तास, गेला की आजार नक्की.

४ हा आकडा उगाच नाही. जठररसात पेप्सिन असतं, प्रथिनं पचवणारं. पीएच जितका कमी तितकं ते जोरात चालतं. दोन पेशींना बांधून ठेवणारे सांधेही प्रथिनांचेच, त्यामुळे पेप्सिन ते कुरतडतं. नुसत्या आम्लापेक्षा आम्ल आणि पेप्सिन यांची जोडी जास्त घातक. कधी आतड्यातून पित्तरसही वर येतो, तो आणखी भर घालतो.

आता तंबाखू. निकोटिननं अन्ननलिकेच्या तळाचं स्नायूंचं कडं, ज्याला आपण झडप म्हणतो, ते ढिलं पडतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या लाळेत बायकार्बोनेटही कमी भरतं. म्हणजे आम्ल वर येतं जास्त आणि धुतलं जातं कमी. तंबाखूचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध तर पक्का सिद्ध झालेला आहे, ओढायच्या आणि चघळायच्या, दोन्ही तंबाखूचा. निपाणीच्या किती घरांची चूल या पिकावर पेटली हे मला माहीत आहे, माझं माहेरही त्याच बाजूचं. पण वडिलांना हे सांगायलाच हवं.

रात्रीसाठी आज करता येण्यासारखं: जेवण आणि झोप यांत तीन तास. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे. नुसत्या जादा उशा नकोत, त्यानं पोटात घडी पडते आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपवा, त्या कुशीवर जठरातला रस झडपेच्या खाली राहतो. आणि खोकल्यासह रात्रीचं उठणं असेल तर डॉक्टरांना एकदा दाखवाच.

भातखाचर_खानापूर

ताई, तुमचं वाचून मला आमच्या खाचराचा बांध आठवला. वरून बघाल तर बांध धडधाकट असतो. पाणी वरून कधीच जात नाही. खेकडा बाजूनं बीळ करतो, त्यातून पाझर लागतो आणि सकाळी बघतो तर आतून माती गेलेली. अस्तराचं असंच होतं म्हणायचं का, पेशीच्या डोक्यावरून न जाता आम्ल दोन पेशींच्या मधून जातं?

दुसरं. माझ्या बायकोची एंडोस्कोपी झाली. रिपोर्ट नॉर्मल. तिची जळजळ मात्र खरी आहे, मी डोळ्यानं बघतो. तिथे तिला सांगितलं की तुमच्या मनाचं आहे हे. तेव्हापासून ती कुणाला सांगतच नाही काही होतंय म्हणून. हे मला फार लागलं.

सूक्ष्मदर्शक_टिळकवाडी

दादा, अगदी तसंच होतं. प्रयोगशाळेत सशाच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर हे तपासलेलं आहे. पोकळीच्या बाजूनं आम्ल लावलं तर अस्तर बराच वेळ टिकतं. तेच आम्ल पेशींच्या बगलेकडून, खालच्या बाजूनं पोचवलं तर पेशी फार लवकर फुगतात आणि मरतात. डोक्यावरचा पापुद्रा आम्लाला दाद देत नाही, बाजूचा देतो.

वहिनींबद्दल वाचून वाईट वाटलं. त्यांना हे वाचून दाखवा. जळजळीच्या निम्म्याहून जास्त रुग्णांच्या एंडोस्कोपीत एकही जखम दिसत नाही. दुर्बिणीला जखम दिसायला वरचे थर गळून पडावे लागतात. त्याच्या कितीतरी आधी बदल सुरू झालेले असतात.

मला काचपट्टीवर काय दिसतं ते सांगते. निरोगी तुकड्यात पेशी एकमेकींना चिकटून बसलेल्या असतात, मधली रेघ शोधावी लागते. तळाच्या गडद पेशींचा पट्टा अरुंद असतो, एकूण जाडीच्या १५ टक्क्यांच्या आत. रक्तवाहिन्या घेऊन वर येणारे बोटांसारखे उंचवटे निम्म्या-दोन तृतीयांश उंचीवर थांबतात. आम्लाचा मार खाल्लेल्या तुकड्यात तो गडद पट्टा रुंद झालेला असतो, कारण वरचं झिजतंय म्हणून खाली घाईघाईनं नव्या पेशी बनतायत. उंचवटे पृष्ठभागाच्या जवळ पोचलेले असतात. आणि पेशींच्या मधे पांढऱ्या फटी दिसतात, त्या फटींतून दोन पेशींना अजून धरून ठेवणारे बारीक धागे आडवे गेलेले. आम्ल त्या फटींतून मज्जातंतूंपर्यंत पोचतं. त्यात मनाचं काही नाही. हे बदल सगळ्यांतच सापडतात असं नाही, आणि काहींच्या मज्जातंतूंची संवेदनाच वाढलेली असते. त्यांचाही त्रास तितकाच खरा. अशा वेळी २४ तासांची पीएच तपासणी विचारावी.

अजून एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. आम्ल वरून पेशी जाळतं आणि मग सूज येते, असं आम्हीही शिकलो. २०१६ साली अमेरिकेत १२ रुग्णांवर एक अभ्यास झाला. त्यांची अन्ननलिका औषधानं बरी झालेली होती. औषध थांबवून एक आणि दोन आठवड्यांनी तुकडे घेतले. आधी दिसल्या त्या खोल थरात जमलेल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, आणि वरचा थर तेव्हा शाबूत होता. म्हणजे आम्ल आणि पित्तरसामुळे अस्तराच्या पेशी रसायनं सोडून रोगप्रतिकारक पेशींना बोलावतात आणि नुकसान आतून वर येतं, असाही एक मार्ग आहे. रुग्ण थोडे होते, त्यामुळे शेवटचा शब्द नाही म्हणता येणार. पण उंदरांवरच्या २००९ च्या कामातही हेच दिसलं होतं.

उद्यमबाग_थर्डशिफ्ट

ताई, मी फौंड्रीत हाय. रात्रपाळी सुटली की घरी येऊन जेवतोय आणि तसाच आडवा होतोय. छातीत जळूलालंय म्हणून मेडिकलमधनं पॅन-फोर्टी आणतोय, जेवण झाल्यावर जळायला लागलं की एक टाकतोय. कधी गुण येतोय, कधी नाही. चार-पाच वर्षं असंच चाललंय की ओ. बिघडलं काय त्यात?

गॅस्ट्रो_कॅम्प

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे, म्हणून याचं उत्तर मी देतो.

अण्णा, गोळी चांगली आहे, वेळ चुकतेय. पँटोप्राझोल (तुमची पॅन-फोर्टी) किंवा ओमेप्राझोल आम्लावर काम करत नाहीत. आम्ल तयार करणारे जे पंप जठराच्या पेशींत असतात त्यांना ते कायमचे चिकटून बंद पाडतात, आणि तेही फक्त चालू असलेल्या पंपांना. पंप सगळ्यात जास्त चालू होतात जेवताना. गोळी रक्तात तास-दोन तासांत अर्धी होते. म्हणून ती जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची, म्हणजे पंप जागे होतील तेव्हा औषध हजर असेल. जळल्यावर टाकलेल्या गोळीनं त्या वेळची जळजळ थांबत नाही, आणि पूर्ण गुण यायला तीन ते पाच दिवस रोज घ्यावी लागते. तुमच्या बाबतीत कामावरून आल्यावर आधी गोळी, आंघोळ, मग जेवण, आणि झोपेआधी जमेल तेवढं अंतर. मुख्य जेवण पाळीच्या मधल्या सुट्टीत आणि घरी आल्यावर थोडंसंच, असं केलंत तर निम्मी लढाई तिथेच जिंकाल.

हेही ध्यानात घ्या की गोळीनं झडप घट्ट होत नाही. रस वर येतच राहतो, फक्त त्याची धार जाते आणि अस्तराला भरून यायला सवड मिळते. बरेच महिने घेऊन एकदम बंद केली तर काही आठवडे आम्ल उसळून वाढतं, लोकांना वाटतं आजार परतला. हळूहळू कमी करायची.

आणि चार-पाच वर्षं सलग त्रास, वय चाळीसच्या पुढे, पोट सुटलेलं, विडी किंवा सिगारेट, यातलं दोन-तीन जुळत असेल तर एकदा एंडोस्कोपी करून घ्याच. आम्ही जखमांना ए ते डी अशा चार पायऱ्या देतो. ए म्हणजे ५ मिलिमीटरपर्यंतची चीर, बी म्हणजे त्याहून लांब, सी मध्ये चिरा एका घडीवरून दुसरीवर जोडल्या जातात, डी मध्ये नळीच्या घेराचा पाऊण किंवा अधिक भाग गेलेला. सी आणि डी मध्ये जखम भरताना व्रण आवळून नळी अरुंद होण्याची भीती असते, मग भाकरी अडकायला लागते.

काही जणांत अस्तर वेगळाच मार्ग घेतं. चपट्या पेशी जाऊन तिथे आतड्यासारख्या उभ्या, श्लेष्मा गाळणाऱ्या पेशी येतात. याला बॅरेट म्हणतात, लंडनच्या नॉर्मन बॅरेट या सर्जनवरून. १९५० साली त्यांनी हे मांडलं तेव्हा त्यांची समजूत होती की हे छातीत ओढलं गेलेलं जठर आहे. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टोन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचं दाखवलं आणि पुढे बॅरेट यांनी ते मानलं. नव्या पेशी आम्ल जास्त सोसतात, जळजळ कमीही होते, पण त्यांच्यात कर्करोगाकडे जाण्याची शक्यता असते. घाबरू नका, पेशींत आणखी बिघाड नसेल तर ती वर्षाला अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. पण ठरावीक काळानं तपासत राहावं लागतं.

घास अडकणं, गिळताना दुखणं, वजन उतरणं, रक्ताची उलटी, डांबरासारखं काळं शौच, रक्त कमी होणं: यातलं काही असेल तर या धाग्यावर विचारत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि जिना चढताना छातीत दाबल्यासारखं होत असेल, घाम येत असेल, हातात किंवा जबड्यात कळ जात असेल, तर आधी ईसीजी. 'पित्त असेल' म्हणून सोडा पिऊन घरी बसलेली आणि मग उशिरा आलेली माणसं मी पाहिली आहेत. साखरेच्या रुग्णांनी तर हे दुप्पट ध्यानात ठेवावं.

उद्यमबाग_थर्डशिफ्ट

डॉक्टर, वय बेचाळीस आणि सिगारेट हाय. सोमवारी सुट्टी हाय, नंबर लावतोय.

निपाणीचा_धाकटा

ताई, ठोकळे सुताराकडून करून आणले. बाबा कुरकुरले, पण झोपले. तंबाखूचं बोलणं अजून व्हायचंय. आणि एक, ते चहा अगदी उकळता पितात, बशीत न ओतता. त्यानं काही होतं का?

गॅस्ट्रो_कॅम्प

होतं. ६५ अंशांच्या वरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली ठरवलं. हे उष्णतेबद्दल आहे, चहाबद्दल नाही. त्यांना म्हणावं बशीत ओता. भारतात अन्ननलिकेचा जो कर्करोग जास्त दिसतो तो चपट्या पेशींचाच, आणि त्यामागे तंबाखू मुख्य. त्यामुळे ते बोलणं लांबवू नका.

शहापूर_अक्का

अजून एक विचारते, धागा लांबला तरी चालेल. सासूबाईंना हाडं ठिसूळ झाल्यात म्हणून आठवड्याला एक गोळी दिलीय, अलेंड्रोनेट. त्या सकाळी अंथरुणातच घोटभर पाण्याबरोबर घेतात आणि परत पडतात. दोन वेळा झालं, त्या दिवशी छातीच्या मधोमध टोचतंय म्हणाल्या. त्यांना आयुष्यात कधी पित्ताचा त्रास नव्हता.

सूक्ष्मदर्शक_टिळकवाडी

अक्का, हे आम्ल नाही, गोळी आहे. अलेंड्रोनेट अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटून राहिली तर तिथेच अस्तर भाजतं, आणि जठराचा त्यात काही हात नसतो. मुरमांसाठी देतात ती डॉक्सिसायक्लिन, लोहाच्या गोळ्या, पोटॅशियमच्या गोळ्या यांचंही असं होऊ शकतं. म्हातारपणी लाळ कमी असते आणि स्नायूंची लाटही मंद झालेली असते, त्यामुळे गोळी वाटेत थांबते.

पुढची गोळी तूर्त देऊ नका, आधी ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोला. टोचणं थांबलं नसेल किंवा गिळताना दुखत असेल तर आजच बोला. त्यांनी परत चालू करायला सांगितली तर उपाशीपोटी, ताठ बसून किंवा उभं राहून, पेला भरून साध्या पाण्याबरोबर. चहा किंवा दुधाबरोबर नाही. त्यानंतर निदान अर्धा तास आणि काही खाईपर्यंत आडवं पडायचं नाही. सासूबाईंना तेवढा वेळ बसवत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हाडांसाठी इंजेक्शनचा पर्याय असतो.